पाडलेल्या लेलँडिआयच्या ढलप्या: वर पसरा, मातीत मिसळू नका

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. घर घेतले तेव्हा मागच्या कुंपणाला लेलँडिआय या सदाहरित सुईपर्णी झाडांची सात-आठ मीटर उंच रांग होती. फेब्रुवारीत ती पाडून घेतली. झाडवाल्यांनी सगळ्याच्या ढलप्या करून मागे ढीग घालून दिला आहे: साधारण चार मीटर रुंद, छातीएवढा उंच. झाडे होती ती पट्टी १४ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, बुंधे अजून तसेच आहेत. शिवाय गुलाब आणि झुडपांचे मिळून २५ चौरस मीटर वाफे, आणि शेडपर्यंत जाणारी १२ मीटरची चिखलाची पाऊलवाट. शेजारी म्हणतात, या ढलप्यांनी जमीन आंबट होईल. साताऱ्याहून आलेल्या सासूबाई म्हणतात, ज्या झाडाखाली गवताची काडी उगवत नव्हती त्याचा चुरा भाजीत कशाला? मला मेथी, कोथिंबीर, बटाटे आणि घेवडा लावायचा आहे. यजमानांनी उत्साहाने एका वाफ्यात चार घमेली ढलप्या खणून मिसळल्याही. ढिगातून सकाळी वाफ निघते आणि आत पांढरी बुरशी दिसते. मुलांच्या सशाच्या खोपटात या ढलप्या घालता येतील का? आणि पलीकडचे शेजारी त्यांच्याही ढलप्या देऊ म्हणतात, त्या घ्याव्यात का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर: ढीग उचलून नेण्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. तुमच्या बागेत तो सगळा जिरेल. काळजी घ्यायची ती एकाच गोष्टीची: ढलप्या मातीवर पसरायच्या, मातीत मिसळायच्या नाहीत. या सामानाबद्दल जेवढ्या तक्रारी ऐकू येतात, त्यातल्या बहुतेकांचे मूळ शोधत गेले की कुणीतरी त्या फावड्याने आत गाडलेल्या असतात.

आधी हिशेब. चार मीटर रुंद आणि सुमारे १.४ मीटर उंच अशा शंकूसारख्या ढिगात जवळजवळ ६ घनमीटर माल असतो. पाऊलवाट ८० सेंटिमीटर रुंद धरली आणि १२ सेंटिमीटर थर दिला, तर सव्वा घनमीटरच्या आत काम होते. गुलाब-झुडपांच्या २५ चौरस मीटरवर साडेसात सेंटिमीटर थराला १.९ घनमीटर लागतील. झाडांच्या जुन्या पट्टीवर, म्हणजे २१ चौरस मीटरवर, १० सेंटिमीटर थराला २.१ घनमीटर. उरतो तो पाऊण-एक घनमीटर माल कंपोस्टला. थर किती द्यायचा हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण पसरताना पाच सेंटिमीटरसुद्धा भरगच्च वाटतात. एका काडीवर साडेसात आणि दहा अशा दोन खुणा करा आणि पसरता पसरता ठिकठिकाणी खुपसून पाहा. पाचपेक्षा पातळ थरातून तण सहज वर येते. झाडाझुडपांत दहापेक्षा जाड थर दिला, तर हलका पाऊस वरच्या वरच अडतो आणि मुळांपर्यंत पोचत नाही.

आता मिसळायचे का नाही ते. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते. सुईपर्णी झाडांच्या लाकडात कर्ब-नत्राचे प्रमाण बऱ्याचदा ४०० ला १ च्या पुढे असते, आणि लाकूड कुजवणाऱ्या जिवाणू-बुरश्यांना मात्र साधारण २५ ते ३० ला १ असा खुराक लागतो. कमी पडणारे नत्र ते आजूबाजूच्या मातीतून ओढून घेतात. ढलप्या मातीवर पडलेल्या असतील, तर ही ओढाताण फक्त जिथे ढलपी मातीला टेकते त्या पातळ थरात चालते. गुलाबाची, झुडपांची, फळझाडांची मुळे त्याच्या बरीच खाली असतात, त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच ढलप्या एक वीत खोल मिसळल्या की प्रत्येक तुकडा चहूबाजूंनी मातीला भिडतो आणि अख्ख्या मुळांच्या पट्ट्यातले नत्र अडकून पडते. ते कायमचे जात नाही, लाकूड कुजले की सुटते. पण तोवर एखाद-दोन हंगाम हातचे गेलेले असतात. तुमच्या ढलप्यांत हिरवा पाला बराच असणार, त्यामुळे नुसत्या खोडाच्या ढलप्यांपेक्षा त्या जरा बऱ्या. तरीही मिसळण्याजोग्या नक्कीच नाहीत.

यजमानांनी मिसळलेला वाफा बिघडला असे समजू नका. माती चाळून ढलप्या वेचत बसू नका, त्यात दिवस जाईल आणि निम्म्या आतच राहतील. त्या वाफ्यावर अमोनियम सल्फेट चौरस मीटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने भुरभुरा, दाताळ्याने वरच्या मातीत हलके फिरवा आणि पाणी द्या. रासायनिक खत नको असेल तर बागेच्या दुकानात कोंबडीखताच्या वाळलेल्या गोळ्या मिळतात, त्या चौरस मीटरला १०० ते १५० ग्रॅम घाला. त्यांचा परिणाम सावकाश होतो. यंदा त्या वाफ्यात घेवडा लावा. तो मुळांवरच्या गाठींतून स्वतःच्या नत्राची सोय बऱ्यापैकी करतो. कोथिंबीर किंवा पालक तिथे लावू नका. महिनाभराने खालची, म्हणजे जुनी पाने आधी पिवळी पडू लागली, तर ते नत्र कमी पडल्याचे लक्षण. खताचा तेवढाच हप्ता पुन्हा द्या. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर कारण वेगळे, बहुतेक लोहाचे. तिथे नत्र ओतून काही होणार नाही.

शेजाऱ्यांचे आंबटपणाचे म्हणणे फार जुने आहे आणि अतिशय लोकप्रिय आहे, पण आच्छादनाच्या बाबतीत खरे ठरत नाही. ताजा पाला आणि लाकूड किंचित आम्लधर्मी असते, हे कबूल. पण कुजताना ते आम्ल बरेचसे संपते, आणि मातीला तिच्या मूळ सामूवरून (पीएचवरून) हलवायला वरून पडलेला बोटभर थर पुरत नाही. सामू तपासण्याचे साधे संच बागेच्या दुकानात मिळतात. आज एकदा पाहून ठेवा आणि पुढच्या वसंतात त्याच जागी पुन्हा पाहा, म्हणजे वाद मिटेल. गंमत अशी की वर सांगितलेले अमोनियम सल्फेट या ढलप्यांपेक्षा जमीन जास्त आंबट करते. म्हणून ते लागेल तेवढेच आणि लागेल तिथेच. ते आणि चुना एकाच वेळी तर मुळीच घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. आणि कुणी ब्लूबेरी लावायला सांगितली, ‘सुईपर्णी ढलप्या आहेतच की’ असे म्हणून, तर त्यावरही विसंबू नका. तिला साडेचार ते साडेपाच सामू लागतो आणि तो ढलप्यांनी मिळत नाही.

सासूबाईंनी जे पाहिले ते बरोबरच आहे. लेलँडिआयखाली खरोखर काही उगवत नाही. पण त्याचे कारण विष नव्हे. वर्षभर हिरवी राहणारी दाट भिंत, खाली जवळजवळ अंधार, पाऊस वरच्या वर अडलेला, आणि जे पाणी खाली पोचेल ते पिऊन टाकणारी वरवरच्या मुळांची जाळी. वर्षाला मीटरभर वाढणारे झाड तेवढे ओढणारच. वेल्समधल्या वेल्शपूलजवळ लेटन हॉलच्या आवारात १८८८ मध्ये सायप्रस झाडांच्या दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून हे झाड आपोआप जन्मले. पुढे त्याने इंग्लंडात शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणे लावली, की दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणांच्या तक्रारींसाठी २००३ च्या कायद्यात वेगळा भाग घालावा लागला. मात्र सासूबाईंच्या शंकेत तथ्याचा एक अंश आहे: ताज्या पाल्यातल्या द्रव्यांनी बी रुजायला अडथळा येऊ शकतो. मोठ्या रोपांना त्याचा त्रास होत नाही, पण नुकत्या फुटलेल्या कोंबाला होऊ शकतो. त्यावरचा उपाय भाजीच्या वाफ्यांबद्दल सांगतो तेव्हा येईल.

ढिगातून निघणारी वाफ हे तो नीट चालू असल्याचे चिन्ह आहे. हिरवा पाला आणि साल यांत जेवढे नत्र असते तेवढ्यावर जिवाणू झपाट्याने कामाला लागतात, आणि ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश सेल्सियस तापमान सहज होते. छातीएवढ्या ढिगाला आग लागण्याची भीती नाही. तीन-चार मीटर उंच, दाबून रचलेले व्यापारी ढीग कधी कधी आतून पेट घेतात. तुम्ही फक्त तो आणखी उंच करू नका आणि लाकडी कुंपणाला किंवा शेडला टेकलेला असेल तर हातभर मागे ओढा. नाहीतर ओलाव्याने फळ्या कुजतील.

पांढरी बुरशीही अपेक्षितच. लाकूड फोडायचे काम तीच करते आणि जिवंत रोपांच्या वाटेला जात नाही. पसरल्यानंतर पावसाळी आठवड्यात आच्छादनावर एका रात्रीत अंडाभुर्जी सांडल्यासारखा पिवळा फेस दिसेल. तो श्लेष्मबुरशीचा प्रकार आहे. दिसायला ओंगळ, पण निरुपद्रवी. दोन-चार दिवसांत वाळून तपकिरी भुकटी होते. नजरेला खुपत असेल तर फावड्याने उचलून कंपोस्टात टाका. घाबरायचे ते वेगळ्याच बुरशीला. एखाद्या बुंध्याच्या सालीखाली कागदासारखा पांढरा थर आणि अळंबीचा उग्र वास, शिवाय मातीत बुटाच्या नाडीसारखे काळे दोर दिसले, तर ती हनी फंगस असू शकते. ती जिवंत झाडे मारते. तसे दिसले तर बुंधे मुळांसकट काढून टाका. ढलप्या पसरण्याआधी एक-दोन बुंध्यांची साल जमिनीलगत खरवडून पाहाच.

पण ढीग हलवताना एक काळजी घ्या. कोरड्या, गरम ढिगात फावडे घातले की जी धुरासारखी धूळ उडते ती बुरशीच्या बीजाणूंची असते. दमा असलेल्याने किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याने हे काम करू नये. इतरांनी आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारावे, एफएफपी२ मास्क घालावा, आणि घराच्या खिडक्या बंद करून वाऱ्याच्या बाजूला पाठ ठेवून काम करावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यात. लेलँडिआयच्या चिकाने कित्येकांच्या मनगटांवर लाल, खाजरे चट्टे येतात. फावडे आत गेल्यावर व्हिनेगरसारखा किंवा कुजका आंबूस वास आला, तर त्या भागाला हवा मिळालेली नाही. तिथल्या ढलप्या तेवढ्यापुरत्या खरोखर जळजळीत असतात, त्यांनी कोवळी पाने एका दिवसात करपतात. अशा ढलप्या पाऊलवाटेवर पातळ पसरून चार-सहा दिवस हवा खाऊ द्या. वास गेला की त्या इतर ढलप्यांसारख्याच. ओल्या लाकडाचा, राळेचा वास मात्र ठीक.

आता पसरायचे कसे ते. सध्या एप्रिल आहे, म्हणजे गुलाब-झुडपांच्या वाफ्यांसाठी वेळ चांगली आहे. आधी तण उपटा, विशेषतः बाइंडवीड आणि काऊच गवतासारख्या पसरणाऱ्या मुळांचे. ते कोणत्याही थरातून वर येते. मग खुरपे १५ सेंटिमीटर खोल घालून पाहा. तिथली माती ओली नसेल तर आच्छादन घालायचे नाही. कोरड्या मातीवर टाकलेले आच्छादन तिला कोरडेच ठेवते, आणि लोक मग ढलप्यांना दोष देतात. चांगला पाऊस होऊ द्या किंवा चौरस मीटरला २० लिटर पाणी द्या. त्यानंतर गुलाबांना त्यांचे नेहमीचे खत (ग्रोमोर वापरत असाल तर चौरस मीटरला ७० ग्रॅम) मातीवर टाका आणि वर साडेसात सेंटिमीटर ढलप्या पसरा. प्रत्येक बुंध्याभोवती १०–१५ सेंटिमीटर मोकळे आळे ठेवा. थर खोडाला टेकला की साल सतत ओली राहून कुजते. कलमी गुलाबाचा सांधा तर ढलप्यांत बुडता कामा नये. लॅव्हेंडर, रोझमेरी असतील तर त्यांना वगळा, त्यांना पायाशी ओल चालत नाही. तिथे खडी बरी.

घराच्या भिंतीशी वाफा असेल तर ढलप्यांचा वरचा पृष्ठभाग भिंतीतल्या ओल-रोधक थराच्या किमान १५ सेंटिमीटर खाली राहिला पाहिजे, आणि हवेच्या जाळीदार विटा झाकल्या जाता कामा नयेत. पुढे घर विकताना सर्व्हेअर पहिल्यांदा तेच पाहतो.

कुंपणाच्या जुन्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगावे लागेल, कारण खरी चूक तिथेच होते. लेलँडिआय जुन्या तपकिरी लाकडातून पुन्हा फुटत नाही. त्यामुळे जमिनीलगत कापलेले बुंधे मरतातच, त्यांना विषारी औषध लावायची गरज नाही. दृष्टिआड करायचे असतील तर जमिनीच्या पातळीवर कापून ढलप्यांखाली झाका आणि झुडपे दोन बुंध्यांच्या मध्ये लावा. बुंधे यंत्राने दळून घेणार असाल, तर यंत्र गेल्यावर खड्ड्यात जो भुसा-माती मिसळलेला ढीग उरतो तो तसाच दाबून ठेवू नका. कामगार तो नेहमी खड्ड्यात परत ढकलतात, दिसायला जागा सपाट होते, आणि वर्ष-दोन वर्षांत लाकूड कुजून खळगा पडतो. शिवाय तिथे लावलेले रोप नत्राविना पिवळे पडून खुरटते, आणि सगळे म्हणतात, लेलँडिआयने जमीन खाल्ली. तो भुसा उपसून पाऊलवाटेवर टाका आणि खड्डा चांगल्या पोयट्याच्या मातीने भरा.

पट्टीची माती आज बहुधा राखेसारखी कोरडी असेल. इतकी वर्षे सुकलेली माती एका सरीने भिजत नाही, पाणी वरून वाहून जाते. खणायच्या काट्याने १५ सेंटिमीटर सैल करा, हाताला येतील ती मुळे काढा, आणि आठवडाभराच्या अंतराने दोन-तीनदा सावकाश भिजवा. मग घरचे किंवा विकतचे कंपोस्ट पाच सेंटिमीटर आणि त्यावर १० सेंटिमीटर ढलप्या. उन्हाळाभर तशीच राहू द्या. ऑक्टोबरनंतर झुडपे लावताना ढलप्या बाजूला सारा, खड्डा खणा, रोप लावा, त्याच्या मुळांशी मूळची माती आणि कंपोस्टच जाऊ द्या, आणि मगच ढलप्या परत ओढा. खणताना त्या खड्ड्यात गळणारच, म्हणून शेजारी एक ताडपत्री ठेवून त्यांचा ढीग तिच्यावर करा.

पाऊलवाट सोपी. चिखल खरवडा, कडेला लाकडी पट्टी किंवा विटा लावा, नाहीतर महिनाभरात ढलप्या हिरवळीत पसरतात आणि गवत कापायच्या यंत्रात अडकतात. टेप काढून टाकलेले तपकिरी पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा, भिजवा आणि वर १२ सेंटिमीटर ढलप्या. वर्षभरात दबून सात-आठ राहतील. खाली प्लॅस्टिकचे कापड घालू नका. ढलप्या कुजून त्यावर माती तयार होते, तण त्या मातीत रुजते आणि मुळे कापडात गुंततात. मग ते कापड काढणे ही शिक्षा होते. दर वसंतात चार-पाच सेंटिमीटर नवा थर घालावा लागेल. दोन-तीन वर्षांनी खालचा काळा, भुसभुशीत झालेला थर खरवडून झुडपांना द्या, तो उत्तम.

भाजीसाठी ताज्या ढलप्या यंदा जवळजवळ वापरूच नका, निदान पेरणीच्या ओळींत नाही. मेथी आणि कोथिंबीर दोन्ही थेट पेरायची, दोघींचीही रोपे सुरुवातीला नाजूक, आणि बियांवर ढलप्यांचा थर म्हणजे वर अंधार, खाली गोगलगाई. इंग्लंडात शंख नसलेल्या गोगलगाई ओल्या आच्छादनाखाली दिवसभर लपतात आणि रात्री कोवळी मेथी साफ करतात. आणखी एक गोष्ट: वसंतात थंड मातीवर आच्छादन घातले तर ती उशिरापर्यंत थंडच राहते. म्हणून भाजीच्या वाफ्यात आच्छादन करायचेच असेल तर माती तापल्यावर, म्हणजे मेअखेर-जूनमध्ये, आणि तेही घेवडा वीतभर झाल्यावर, पाच सेंटिमीटरच, ओळींच्या मधे. बटाट्याला माती चढवायची असते, तिथे ढलप्या घालू नका. भर देताना त्या हमखास मातीत जातात. मिरची कुंडीत लावली असेल तर तिच्या मिश्रणातही नाही.

उरलेल्या ढलप्यांचे कंपोस्ट मात्र दोन वर्षांत भाजीलाही चालेल. चार पॅलेट उभे करून सव्वा मीटर लांबी-रुंदी-उंचीचा कप्पा करा. १० सेंटिमीटर ढलप्या, त्यावर तेवढेच ताजे कापलेले गवत, असे थर द्या. गवत एकट्याने जाड टाकले तर चिकट गोळा होऊन सडते, म्हणून प्रत्येक थर काट्याने जरा मिसळा. गवत पुरत नसेल तर दर थरावर कोंबडीखताच्या गोळ्या दोन मुठी. चहाचा चोथा, भाजीची देठे, सगळे चालेल. शिजवलेले अन्न मात्र टाकू नका, उंदीर येतात. हिरवळीवर तणनाशक मारले असेल तर त्या गवताबद्दल डब्यावरची सूचना वाचा. काही औषधे कंपोस्टातही महिनोन्महिने टिकतात आणि पुढे घेवडा-बटाट्याची पाने आखडतात. मूठभर मिश्रण पिळले की एक-दोन थेंब यावेत, एवढी ओल हवी. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी बाहेरचे आत आणि आतले बाहेर करा, नंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा. दीड-दोन वर्षांनी १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. गळलेले भाजीच्या वाफ्याला, वर उरलेले तुकडे पुन्हा कप्प्यात. तयार झाले का हे ओळखायला त्यात दहा-बारा मेथीचे दाणे पेरून पाहा. ते आठवडाभरात हिरवे, ताठ उगवले तर ते बियांनाही चालते.

सासूबाई परत जाऊन साताऱ्यात हेच करायचे म्हणतील, तर दोन फरक सांगा. आपल्याकडे वाळवी आहे. म्हणून घराच्या भिंतीपासून, दारांच्या चौकटींपासून आणि तुळशी वृंदावनाच्या कट्ट्यापासून दोन-तीन फूट तरी ढलप्या लांब ठेवायच्या. आणि आच्छादन जूनमध्ये नव्हे, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत ओल टिकते. पावसाळ्यात जाड थर चार महिने निथळतच नाही. मोरपंखीच्या छाटणीला किंवा रोपवाटिकांत ख्रिसमस ट्री म्हणून मिळणाऱ्या अरोकेरियाला वर सांगितलेले सगळे लागू पडते. सुरू सुईसारख्या पाल्यामुळे या जातीतला वाटतो, पण तो सुईपर्णी नव्हे. त्याच्या ढलप्याही वर पसरायला चालतात.

सशाच्या खोपटात या ढलप्या घालू नका. सायप्रसच्या ताज्या पाल्यातली तेले आणि चीक बंदिस्त जागेत श्वासाला आणि कातडीला त्रासदायक असतात, आणि ससा जे दिसेल ते कुरतडतो. त्याला गवताचे वाळलेले अंथरूणच बरे.

शेजाऱ्यांच्या ढलप्या घ्यायच्या का, हे त्यांच्या झाडाच्या नावावर आहे. इंग्लंडात बागेच्या कुंपणाला यू हे सुईपर्णी झाडही फार लावतात. त्याचा पाला, बी आणि साल जनावरांना प्राणघातक ठरू शकते. त्याच्या ढलप्या झुडपांखाली चालतात, पण ससा मोकळा सोडता त्या भागात आणि मुले खेळतात तिथे नकोत. झाड लेलँडिआयच असेल आणि पाडण्याआधी त्याच्या फांद्या ठिकठिकाणी तपकिरी पडत होत्या, तर ते मावा किंवा खोडावरचा खैरा रोग यांमुळे असू शकते. त्या ढलप्या दुसऱ्या सायप्रस-थुजाखाली पसरू नका, आधी गरम कंपोस्टमधून काढा. आणि ते लार्च असेल तर तूर्त नको म्हणा: इंग्लंडात लार्चवर फायटोफ्थोराचा गंभीर रोग आहे, त्याचा माल हलवण्यावर सरकारी निर्बंध असू शकतात. निरोगी लेलँडिआय, पाइन किंवा स्प्रूस असेल तर खुशाल घ्या, पण ढीग तुमच्या दारात पडण्याआधी त्यात आयव्हीच्या वेली किंवा कुंपणाची तार मिसळलेली नाही ना, एवढे स्वतः पाहा.